काजळ लावलेली किल्ली

कोंडाजी लेकरा, आईचा आशीर्वाद.

आधी आला म्हसू पाटील, मागनं तुझ्या पोराला, नाथाला घेऊन त्याला कुलपाचं काम शिकवणारा पुण्याचा उस्ताद. गावात आलेल्या एका साहेबाची मोटार नदीकाठी कुलूपबंद, किल्ली मुळेच्या पाण्यात पडलेली. उस्ताद म्हणाला, "नाथा, नवी किल्ली तूच घडव. कुलूप बिघडवलंस तर शिकणं बंद, मेंढरं राख."

नाथानं माझ्या डबीतलं काजळ कोऱ्या किल्लीला फासलं. कुलपात घालून हलवायचा, काजळ पुसलं जाईल तितंच कानस मारायचा.

"चोराची विद्या," पाटील म्हणाला. तुझेच शब्द रं! मी पदर तोंडात धरला.

आन् दार उघडलं की! उस्तादानं आपली कानस नाथाला देऊन टाकली.

तू मेंढरांमागं कोकणात, पत्र धाडू कुटं? हे घरीच ठेवते. आलास की पोराला चोर म्हनू नगंस. बेस्तरवारी साहेबाची माणसं नाथाकडनं किल्ली घडवून घ्यायला दुसरी मोटार घेऊन येनार हायेत.

तुझी आई,
तुकाबाई