जावयासाठी बोलिव्हियाच्या सूचना

३ जुलै
निल्दाचा व्हॅलेन्सियाहून फोन. अकरा वर्षांनी पोरगी ला पाझला येतेय, ऑगस्टात. सोबत सहा वर्षांची आइताना, माझी नात, जिला मी फक्त फोनवर पाहिलंय. आणि तिचा नवरा, तो विसेंत. निल्दा म्हणाली, पापा, विसेंत पहिल्यांदाच येतोय, त्याला प्रवासाच्या चार सूचना लिहून पाठवा ना. काम योग्य माणसाकडे आलं. बस टर्मिनलच्या चौकशी खिडकीत जन्म घालवून मी अख्ख्या देशाला रस्ता दाखवलाय. स्वतः शेजारच्या ओरुरो शहराच्या पुढे गेलो नाही, पण खिडकी सोडून जाणार कसा?

४ जुलै, सकाळ
योजना पक्की. सूचना अशा लिहायच्या की विसेंतची बोबडी वळली पाहिजे. तो तिकडेच बसेल, निल्दा पोरीला घेऊन एकटी येईल. एकदा घरी आली की परत जाते कशाला? वरची खोली तिचीच आहे. याला कावा म्हणत नाहीत. दूरदृष्टी म्हणतात.
संकल्प: वरच्या खोलीला रंग. शॉवरची वायर बदलणे (नळाला हात लावला की झटका बसतो). दारू बंद.

६ जुलै
बारा सूचना झाल्या. झकास. "इथली हवा विरळ. पहिले तीन दिवस एकही पायरी चढू नये." "कोणाच्याही घरी शिजवलेलं खाऊ नये." "घरगुती विजेच्या शॉवरखाली जाऊ नये, माणसं गेलेली आहेत." "कब्रस्तानाजवळच्या चढावर मुक्काम करू नये." ही शेवटची लिहिताना जरा जिवावर आलं. आमचीच वस्ती. पण शास्त्र ते शास्त्र.
थोरली बहीण कास्ता खाली कोपऱ्यावर सालतेन्या, म्हणजे रस्साभरल्या भाजक्या करंज्या, विकते. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, अरे निकानोर, दाराला कुलूप लावून पाहुण्यांची वाट बघतोस होय? तिला राजकारण कळत नाही.

१५ जुलै
अठ्ठावीस सूचना पाठवल्या. भर: "विमानतळावर नावाची पाटी धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांपासून सावध." "गाडी आधी ठरवावी, तीत बाहेरचा माणूस घेऊ नये."
रंगाचा डबा आणला. वायर राहिली. दारू: ऐन हिवाळा, थंडी फार, हा अपवाद.

२० जुलै
उत्तर नाही. म्हणजे गारठला. नातीसाठी कानटोपी घेतली, लाल. निल्दासाठी नवं ब्लँकेट. विसेंतसाठी काही नाही.

२६ जुलै
विसेंतचा निरोप. तो इमारतींच्या लिफ्ट तपासतो, धोका शोधणं हाच त्याचा धंदा. म्हणतो, इतक्या नेमक्या सूचना आजवर कुणी दिल्या नव्हत्या. छापून प्लॅस्टिकमध्ये घातल्यात. तिघंही काटेकोर पाळणार. येतोय.
फाजील उत्साह. इथे पोचला की उतरेल.

९ ऑगस्ट
विमानतळ, वर एल आल्तोला. नातीला कळावं म्हणून मोठ्या अक्षरांत "आइताना" लिहून पाटी नेली. निल्दा गळ्यात पडून रडली. मी रडलो नाही, एल आल्तोच्या वाऱ्याने डोळ्यांत धूळ गेली. पोर पाटी बघून बापाच्या मागे लपली. विसेंत अदबीने म्हणाला, गाडी आधीच ठरवली आहे, तुम्ही लिहिलंत तशी. मागे एक जागा रिकामी होती. ती रिकामीच गेली. मी मिनीबसने खाली शहरात आलो.
त्यांचं हॉटेल खाली, दक्षिण भागात. आमच्या चढापासून शक्य तितकं लांब.

१० ऑगस्ट
घरी येणार नाहीत. पायऱ्या. मग मीच कास्ताकडून चाइरो सूप करवून हॉटेलवर डबा नेला. निल्दाची आई गेली, तेव्हापासून हे सूप फक्त कास्तालाच जमतं. विसेंतने डबा दोन्ही हातांनी घेतला, आभार मानले आणि टेबलावर ठेवला. कुणी उघडला नाही. पोरीने त्याला हळूच विचारलं, नियमातला म्हातारा तो हाच का? विसेंत लाजून लाल झाला. मी हसलो. हसायलाच पाहिजे होतं.
दारू: औषध म्हणून.

१२ ऑगस्ट
तीन दिवस संपले. आज पायऱ्या चढायला परवानगी. सकाळीच वायर बदलून घेतली. रंगाचा वास जावा म्हणून खिडकी उघडी ठेवली.
निल्दा एकटीच आली. याच पायऱ्यांवर वाढलेली पोर, दारात पोचेपर्यंत धापा टाकत होती. डबा परत आणला, धुतलेला. म्हणाली, सगळं मीच खाल्लं पापा, बाथरूमचं दार लावून, थंडच. मग खोली पाहिली, ब्लँकेटवरून हात फिरवला, बसली नाही. म्हणाली, मी गेले तेव्हा तुम्ही म्हणालात, तिकडे मरशील. आता येतेय तर म्हणता, इकडे मरशील. अठ्ठावीस नियम लिहिलेत पापा, त्यात "ये" असं एकदाही लिहिलं नाहीत.
मी म्हणालो, सूचनांमध्ये तसं लिहायची पद्धत नसते.
असं का बोललो, देव जाणे. "राहा" हा शब्द जिभेवर होता. खरंच होता.
खाली गाडी थांबली होती. उद्या उयुनीचं मिठाचं मैदान, तिथून परस्पर परत. कानटोपी घेऊन गेली. ब्लँकेट तिकडे लागत नाही म्हणाली.

२१ ऑगस्ट
विसेंतचा निरोप, व्हॅलेन्सियाहून. "तुमच्या सूचनांचा फार उपयोग झाला. बोलिव्हियात आम्हाला काहीच झालं नाही." इतर प्रवाशांना पाठवायची परवानगी मागतो. दिली. शेवटी शास्त्र ते शास्त्र.
कास्ताने विचारलं, काय लिहिलंय? म्हणालो, जावई खूश आहे. तिने एक गरम सालतेनी हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. एवढी वाईट वेळ माझ्यावर आलेली नाही.
संध्याकाळी वरच्या खोलीतला शॉवर लावून पाहिला. पाणी कडकडीत येतं. झटका अजिबात बसत नाही.