बोट लावून बघितलं

सोमवार

सुटलो एकदाचा जुन्या मालकाच्या कटकटीतून! नवी खोली दुकानाच्या बरोबर वर, जिना उतरला की कामावर. टेबल स्वतःचं, सोल्डर गन नवी कोरी, खिडकीतून भरपूर उजेड. आणखी काय हवं? ताईने फोनवर बजावलंय, रोज चार ओळी लिही, म्हणजे माणसांऐवजी वहीवर भडकशील. रविवारी पुन्हा फोन करणार आहे.

मालकांना सगळे दादा म्हणतात. हसायची त्यांना बंदी असावी. वहिनी जेवणाचं ताट जिन्यावर ठेवतात आणि वर न बघता वळतात. तिसरा एक झाडूवाला आहे. वय फार नाही, पण केस पांढरे झालेत. तोंडातून अवाक्षर नाही, पावलांचासुद्धा आवाज नाही. दादांनी त्याचं नाव गप्पाजी ठेवलंय. मी पोट धरून हसलो.

टेबलावर गिटारचा जुना अँप्लिफायर उघडून ठेवलाय. ट्रान्झिस्टरचा, माझ्याहून वयाने मोठा, आणि ठार बंद. आधीच्या कारागिराने अर्धवट सोडला म्हणे. गिटार जोडायला दोन जॅक आहेत, त्यातल्या एकावर चिकटपट्टी. तिला हात लावायचा नाही असा दादांचा हुकूम.

मंगळवार

सकाळी सिरीजमध्ये बल्ब लावून अँप चालू केला. बल्ब भगभगीत पेटला, म्हणजे आत शॉर्ट. आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर गेलेले, मोठे कपॅसिटर फुगलेले. सगळं बदललं, सुटलेले टाके पुन्हा सोल्डर केले. दुपारी बल्ब मंद झाला तेव्हा स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

आता शेवटची परीक्षा. जॅकमध्ये वायर घालायची आणि तिच्या टोकाला बोट लावायचं. भुणभुण आली की अँप जिवंत. आम्ही सगळे कारागीर हेच करतो, हात आपोआप जातो. तेवढ्यात गप्पाजी झाडू टाकून धावत आला आणि माझं मनगट धरून नको नको म्हणून बोट हलवायला लागला. मी त्याला ढकलला. झाडूवाल्याने मला काम शिकवू नये, असंही सुनावलं. मग बोट लावलं.

भुणभुण आली, अगदी खणखणीत. दादा पहिल्यांदा हसले. वहिनी दारात होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला.

बुधवार

वायर काढली तरी भुणभुण जात नाही. अर्थिंग तपासलं, नवे कपॅसिटर पुन्हा मोजले. सगळं ठीक आहे, तरी भुणभुण आहेच. टेबलाजवळ गेलो की वाढते. वैताग नुसता!

दुपारी खोलीत जेवत असताना खालून ऐकू आलं, भुणभुणीच्या आत धडधड. सहज मनगटावर बोटं ठेवली. ठोक्याला ठोका जुळला. जिना धावत उतरलो तर तीही धावली.

मला हे आवडलेलं नाही.

गुरुवार

हवा खायला म्हणून कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. परत आलो तर दादा स्पीकरला कान लावून बसलेले. कोपऱ्यावर मी त्यांना खडूस म्हणालो ते त्यांनी जसंच्या तसं मला ऐकवलं. मी ते ओठातल्या ओठात म्हटलं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

मी भांडायला तोंड उघडलं. दादांनी शांतपणे माझ्या जॅकच्या आवाजाचं बटण थोडं मागे फिरवलं, आणि माझाच आवाज बसला. बोलतोय मी, पण ऐकू येतेय कुजबुज. दादा म्हणाले, आवाज न करणारा कारागीर चांगला. भीती वाटतेय. लिहायला लाज कसली, खूप भीती वाटतेय.

शुक्रवार

सकाळी अँपचा प्लग उपटला. छातीतलं सगळं थांबलं. जमिनीवर पडलो, समोर गप्पाजीही पडलेला. मीच बसवलेल्या नव्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरली होती, तेवढ्यावर तगलो — वहिनींनी प्लग परत लावेपर्यंत.

पण गप्पाजी का पडला?

चिकटपट्टी सोलून काढली. त्या जॅकला कान लावला. आत दुसरी धडधड — संथ, दमलेली. अँप मेला होता तेव्हा गप्पाजीचा फक्त आवाज आत अडकून होता; मी तो जिवंत केला आणि त्याचा जीवही पुन्हा त्याला जोडला गेला असणार. मग त्याची बोटं बघितली. सोल्डरचे जुने चटके. माझ्या बोटांवर आहेत तसेच.

आधीचा कारागीर कुठेही गेलेला नाही. झाडू मारतोय.

शनिवार

बंद केला तर दोघेही मरू. पण जॅकपासून आपापली तार कापली तर कदाचित — कदाचित सुटू. रविवारी ताईशी बोलायचंय मला. माझ्या आवाजात.

दादा बाहेर गेले तेव्हा कटर घेतला. आतल्या दोन तारा एकसारख्या लाल, एकमेकींत पिळलेल्या, कुठली कुणाची कळेना. गप्पाजीला खुणेने विचारलं, माझी कुठली? त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग एका तारेवर बोट ठेवलं.

मंगळवारी त्याचं ऐकलं नव्हतं. आज ऐकलं.

कापली. माझी धडधड तशीच. संथवाली थांबली — आणि माझ्या मागे कुणीतरी हुश्श केलं. मोठ्याने.

दुसऱ्या तारेला कटर लावणार तोच दादा दारात. कटर गेला. मला वर कोंडलंय.

रविवार

बटण आणखी मागे. खुर्ची आपटली, आवाज नाही. पाऊल वाजत नाही. आरशात केस — नको.

ताईचा फोन आला. उचलला. ओरडलो. ती हॅलो हॅलो करत राहिली. मग म्हणाली, रागावलास का रे, आणि ठेवला.

खाली कुणीतरी बोलतंय. घोगरा आवाज, बरेच दिवस न वापरलेला. दादांना सांगतोय, हाही झाडू चांगला मारेल. आणि नवा माणूस लवकर बघा म्हणे, तो दुसरा जॅक आता मोकळा —

वहिनी रडताहेत. दादा बटणाशी — अजून मागे नको, दादा, मी लिहितोय तेही ऐकू येतंय का तुम्हाला, अहो, हात