वाजणारे मोहरे

जळगाव
२८ एप्रिल २०२५

चि. रविंद्र यास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तू गिऱ्हाईक आलंय म्हणून कटवतोस, म्हणून कागद घेतला. हे आता शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

नानांचा बुद्धिबळाचा संच तू जयंतीला आलास तेव्हा न विचारता पिशवीत घातलास, धुळ्याला नेलास आणि दुरुस्त करून एसटीच्या कंडक्टरबरोबर परत पाठवलास. मोहरे खुळखुळ्यासारखे वाजतात, ऐकवत नाही, म्हणाला होतास. तुला ऐकायला बसवलं होतं कुणी? वडलांच्या वस्तूला हात लावण्याआधी त्यांना विचारायची काही रीत असते की नाही?

काल दुपारी बन्सीलालकाका नेहमीसारखे खेळायला आले. दोघं डेपोत एकत्र होते तेव्हापासूनची ही जोडी. नानांनी नेहमीसारखे काळे घेतले, एकेक मोहरा कानाजवळ नेऊन हलवला आणि खाली ठेवला. चेहराच उतरला त्यांचा. मग खेळले, आणि जिंकलेही! एरवी हरले की काका चहा न पिता तरातरा निघून जातात. काल मात्र छान खेळलास म्हणाले, निमूट चहा प्यायले आणि गेले. ते गेल्यावर नानांनी संच डब्यात भरला आणि मला कपाटावर टाकायला सांगितला. आता खेळणं बस झालं, म्हणाले.

जिंकलेला माणूस खेळ सोडतो होय रे? तू त्या मोहऱ्यांचं काय करून ठेवलंस, ते सरळ लिही.

माया आहेच, पण सध्या तिच्यावर राग बसलाय.
तुझी,
सपना अक्का

धुळे
१ मे

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. आशीर्वादाखाली एवढा दारूगोळा भरलेला असेल असं वाटलं नव्हतं.

मी बिघडवलं काय? दुकानात दुरुस्तीला आलेल्या मोटारी बाजूला सारून माझा अख्खा रविवार त्यात घातला. मोहऱ्याच्या बुडाला पोकळी असते, तिच्यात शिशाचा तुकडा बसवलेला असतो, म्हणजे मोहरा जरा धक्का लागला की आडवा होत नाही. तो तुकडा सुटला की वाजतो. मी बुडाचं हिरवं कापड वाफेवर सैल करून काढलं, तुकडे साफ केले, दोन नळ्या मिसळून करतात तो दगडासारखा डिंक भरला आणि नवं कापड लावलं. आता लाकूड फोडल्याशिवाय आतलं वजन निघायचं नाही, इतकं पक्कं काम आहे. आणि त्याचं बक्षीस म्हणजे तुझं पत्र!

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकली होती. पांढऱ्यांतला एकही सुटलेला नव्हता. सुटलेले सगळे काळे. त्यांचं कापड आधी कुणीतरी काढून पुन्हा चिकटवलं होतं, कडेला डिंकाचे बोटांचे डाग होते. आतलं वजनही आपोआप सुटलेलं नव्हतं, पेचकसानं उचकटलेलं होतं. काळे कायम नाना घेतात. मग त्यांचेच मोहरे खराब करण्यात रस कुणाला? माझा संशय बन्सीलालकाकांवर आहे. आधी त्यांना विचार आणि मग माझ्यावर डाफर.

नानांना नमस्कार. शिव्या चालतील, पण लिहीत राहा.
तुझा,
रविंद्र

जळगाव
५ मे

चि. रविंद्र यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं ऐकून मी काकांच्या दारात उभी राहिले आणि नाही नाही ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग तेच माझ्यावर उखडले. म्हणाले, तुम्ही दोघं एवढी शिकलीसवरली पोरं, बापाला दिसत नाही हे तुम्हाला कळू नये?

मोहरे नानांनी स्वतःच सुटे केले होते, रवी. हात लागून लागून काळ्यांचा रंग उडालाय, पांढरे तपकिरी पडलेत. घोडा की हत्ती, हे नाना बोटांनी ओळखतात, पण कुणाचा, ते त्यांना दिसेना. म्हणून त्यांनी आपले मोहरे वाजते करून घेतले. वाजला तर आपला. काकांना त्यांनी हे सांगितलं नव्हतं, पण काका समजून होते. तुझ्या दुरुस्तीनंतर नानांनी काकांचाच उंट आपला म्हणून चालवला. काकांनी चूक दाखवली नाही, खेळत राहिले आणि हरले.

आणि हे सगळं लपवलं कशासाठी? तर दिसत नाही म्हटल्यावर तू त्यांना धुळ्याला नेशील म्हणून. दर खेपेला तोच धोशा असतो ना तुझा? तिथं बन्सीलाल कुठून आणणार, असं ते काकांना म्हणायचे.

मला आता नानांचाच संताप आलाय. मागच्या खोलीत राहतात, माझ्या हातचं जेवतात आणि माझ्यापासूनच लपवतात! आपण काय परके आहोत? मी तोंडावर विचारलं तर म्हणाले, रव्याला पत्र लिहायचंय, कागद घे. ते सांगतात तसं सोबत लिहून देते.

तुझी,
अक्का

चि. रविंद्र यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

मी सांगतोय, सपना लिहितेय. ती रडतेय, तेव्हा अक्षर फिसकटलं तर तिला बोल, मला नाही.

डॉक्टरकडे येतो. नजर जेवढी उरलीय तेवढी राखू. पण धुळ्याला राहायला येणार नाही. मी काही गाठोडं नाही, उचललं आणि गाडीत टाकलं. हा विषय पुन्हा काढायचा नाही.

काळे तू कायमचे मुके केलेस. असो, काम पक्कं केलंस. बन्सीलाल मला म्हणतो, सुपडू, मग माझे पांढरे सुटे करू, वाजेल तो तुझा नाही. रविवारी पेचकस घेऊन ये आणि ते काम त्याच्या देखत कर.

माझा राग तुझ्यावर नाही, त्याच्यावर आहे. मोहरा उचलताना मला शंका आली होती. काही चुकलं का, असं मी त्याला विचारलं, तर म्हणे, बठ्ठं बरोबर शे. सगळं बरोबर म्हणे! इतक्या वर्षांत ज्यानं मला एक प्यादं सोडलं नाही, तो मला दया करून जिंकवतो? नंतर छान खेळलास म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं. तो डाव मी धरत नाही. पांढरे वाजते झाले की आधी तो डाव पुन्हा खेळायचा. मी चुकलो तर त्यानं ओरडायचं, आणि हरला तर पूर्वीसारखं चहा न पिता निघून जायचं.

तुझा,
नाना