सात मणी

॥ श्री योगेश्वरी प्रसन्न ॥
धारूर, ता. ३ ऑगस्ट २०२५

सौ. वच्छलाबाई विहीणबाईंस सरस्वतीबाईचा सा. न. वि. वि.

इकडे क्षेम. योगिता बाळंतपणाला तुमच्याकडे आली आणि घर सुनं झालं. फोनवर बोलावं तर ती ऐकेल, लाजेल. म्हणून पत्र सुग्रीवबरोबर देते.

दुपारी ती पडली की मी शेजारी माळ ओढत बसायची. ती घोरते, आणि घोरता घोरता श्वासच थांबतो. एकदा माझे सात मणी सरले, तेव्हा कुठे दचकून तिनं श्वास घेतला. उठली की डोकं जड. मागच्या तपासणीत बीपी वर होतं. तिनं आण घातली म्हणून मी डॉक्टरीणबाईंना बोलले नाही, चुकलंच. तुम्ही तिकडे डॉक्टरांना सांगा.

माया पातळ होऊ देऊ नये.
आपली, सरस्वती


घाटनांदूर, ता. ५

सरस्वतीबाईंना वच्छलाबाईचा नमस्कार.

लेक घोरती हे सांगायला जावयाला एस.टी.नं धाडलं, लई मोठेपणा केला. जावईबापू काल आमच्या ओसरीत असे घोरले की शेळ्या बिथरल्या. आमी काय पत्र लिहिलं व्हय? तुमच्याकडं काम करून दमलेलं लेकरू घोरणारच. पाय सुजलेत, पण दिवसातल्या बाईचे सुजतातच. तपासणी वीस तारखेला हाय, तवा बघू.

कळावे.
वच्छला


धारूर, ता. ८

विहीणबाईंस सा. न.

कामाचा बोल लागला. तो खोटाही नाही. पण सुग्रीवचा श्वास थांबत नाही. भांडण आपण बारशाला करू. एवढंच करा, एक दुपार माळ घेऊन तिच्याजवळ बसा. सूज तोंडावर चढली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे आले, तर वीस तारखेची वाट बघू नका. पाया पडते.

सरस्वती


अंबाजोगाई, दवाखान्यातून, ता. १४

सरस्वतीबाईंना सा. न. वि. वि.

सुग्रीवरावांनी फोनवर सांगितलंच असंल. मला बोलायला तोंड न्हाई, म्हणून लिहिते.

रविवारी बसले. सहा मणी झाले तरी श्वास न्हाई. तिला हलवून उठवलं. तोंड सुजलेलं. तशीच इथं आणली. बीपी एकशे ऐंशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं घोरणं अन् बीपी कधीकधी जोडीनं येतं, घरच्यांना वाटतं गाढ झोप लागली. झोपताना नाकावर मशीन लावतात. बीपी उतरंना, म्हणून काल ऑपरेशन केलं. मुलगी हाय, दीड किलोची, काचेच्या पेटीत. दोघींचा धोका टळला असं अजून कुणी म्हणत न्हाई.

मी लिहिलेलं पोटात घाला. बारशाची वाट बघू नका. मी नातीच्या पेटीपाशी असते. लेकीच्या उशाशी तिचा श्वास ओळखणारं माणूस पायजे. माळ घेऊन या.

तुमची, वच्छला