लॅपटॉपवरचा ताबा

बिरूदादा,

मी काल नोकरी सोडली. तुझ्या तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून ही चिठ्ठी.

तू घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर कामासाठी ऑफिसचं खातं जोडलं, तेव्हापासून तीन वर्षं त्यावर कंपनीचाच ताबा होता. पडद्यावरचा फोटोसुद्धा मला बदलता यायचा नाही. आज सकाळी त्यांच्या फायली परत केल्या, सेटिंगमध्ये जाऊन ते खातं काढलं आणि आपल्या माळाचा फोटो लावला. चहा गार होईपर्यंत बघत बसले. मेंढरं चरत चरत आभाळात शिरल्यासारखी वाटत होती.

आमटी झाकून ठेवलीय. राग आला तरी जेवून घे. मी मोडनिंबला चाललेय. आईला फोन केला, तर म्हणाली, "ये की. हितं तुला कुणी काय इचारणार न्हाय."

रुपाली