पांढरी कॅन

माय, तू मुगाच्या वड्यांच्या वाटणातलं मीठ जिभेवर पाहायचीस. बोटभर कच्चं वाटण तोंडात टाकायचं, डोळे मिटायचे आणि मग बायकांकडे बघून मान हलवायची. तू मान हलवल्याशिवाय आपल्या बचत गटातली एकही बाई वडी टाकायला बसत नसे. तुझं ते बोट मला आजही दिसतं.

मी सातवीत होते. कापसाचे ते वाईट दिवस होते, फवाऱ्यावर फवारे मारूनही बोंडात अळीच निघायची. औषधाच्या रिकाम्या कॅन गावात घरोघरी होत्या. राखेनं घासायच्या, उन्हात वाळवायच्या की झालं. कुणी त्यात ढोरांचं पाणी न्यायचं, कुणी रॉकेल ठेवायचं. आश्रमशाळेकडून गटाला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. डाळ भिजत घालायला तू मला विहिरीवरून दोन घागरी पाणी आणायला सांगितलंस. मी आळशी. शेजारच्या मावशीच्या कुडाला पांढरी कॅन टांगलेली होती, धरायला सोपी, एका खेपेत काम भागणारी. दोनदा राखेनं घासली आणि भरून आणली. डाळ रात्रभर त्याच पाण्यात भिजली.

सकाळी अंगणात तुम्ही सगळ्या बसलेल्या. डाळ वाटून झाली होती, लसूण-मिरचीचा ठसका घरभर. मावशी तुझ्या बाजूला होती. तुम्ही दोघींनीच तर गट उभा केला होता. गट झाल्यापासून तिचं फवारणीवाल्यांना पाणी वाहून देणं सुटलं होतं, हाताची सालं निघायची थांबली होती. मी दाराशी उभी होते. तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या कॅनवर गेली. झाकणाच्या आट्यांत काहीतरी पिवळट चिकटून राहिलेलं होतं. तू परातीत बोट घातलंस. ओरडायचं होतं मला, माय, खरंच ओरडायचं होतं. पण सगळ्यांसमोर तुझा मार आठवला आणि मी दाराची चौकट धरून तिथंच उभी राहिले. बोट ओठांपर्यंत गेलं.

मावशीनं तुझा हात धरला. "थांब व बाई! तोंडात टाकू नको. वास घे आंधी."

तू वास घेतलास. पुन्हा घेतलास. मग कॅन पाहिलीस आणि तुझा चेहरा पांढरा पडला. "ह्या कॅनीत पाणी कोनं आणलं?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मी मान खाली घातली. "कॅन माही हाये," ती म्हणाली. "पाणीबी म्याच भरलं."

"वावरात पाणी वाहून वाहून मती गेली काय तुही? लेकरं खानार व्हते हे!"

कुणीतरी हळूच म्हणालं, "अशाच उन्हात टाकल्या वड्या तं? वायल्यावर कोनाले समजते?"

"मले समजते नं," तू म्हणालीस.

कोंबड्या-बकऱ्यांच्या तोंडी लागू नये म्हणून तू स्वतः मागे खड्डा खणून सगळं वाटण पुरलंस. वड्या वेळेवर गेल्या नाहीत, काम दुसऱ्या गटाकडे गेलं. मावशीला तू सांगितलंस, "उद्यापासून येऊ नको." ती पदराला हात पुसत उठली, कॅन उचलली आणि गेली. पुढच्या आठवड्यात ती वावरात फवारणीवाल्यांच्या मागे डोक्यावर पाणी घेऊन चालताना दिसली. तू शेवटपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस. जाताना तुझ्या मनात तिच्याबद्दल तोच राग होता, आणि तो राग माझा होता, माय. माझ्या वाट्याचा.

आता मी गावोगाव बचत गटांना शिकवते. परवा बाभुळगावकडच्या एका गटात बायकांना म्हणत होते, भांड्यात आधी काय होतं ते विचारा, मग हात लावा. बायका म्हणाल्या, ताई किती बारीक बघतात. मला माझीच लाज वाटली. ज्यांना त्या कॅनचं माहीत नाही त्यांना शहाणपण सांगताना माझं काहीच जात नाही.

मावशी आहे अजून. घाटंजीच्या बाजारात पोत्यावर बसून स्वतःच्या वड्या विकते. मी गेले की मूठभर जास्त घालते. मागच्या बाजारी म्हणाली, "तुही माय असती तं लसून कमी झाला म्हनली असती." ती हसत होती आणि मी तिच्या हातांकडे बघत होते. तेव्हाच बोलायचं होतं. ठरवूनच गेले होते.

तुला एवढं सगळं लिहिलं कारण तू रागावू शकत नाहीस. हे कागद उशाच्या पेटीत राहतील. ती मात्र समोर बसली होती, वाट पाहिल्यासारखी, आणि मी म्हणाले, "मावशी, वड्या यंदा बारीक टाकल्या नं?"