नदीकडच्या खोलीचा हक्क

मी, अझराया टॉलिव्हर, धंदा सुतारकी, राहणार केंटकी राज्यातील गेन्स लँडिंग, ओहायो नदीकाठ, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वय अंदाजे बासष्ट. माझ्या जन्माची नोंद ट्रॅब्यू मालकांच्या वहीत, गुरांच्या यादीखाली होती असे म्हणतात. ती वही मी पाहिलेली नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. १८६५च्या डिसेंबरपर्यंत मी स्वतःच दुसऱ्याच्या मालमत्तेत मोजला जात होतो, तेव्हा मागे ठेवायला काही नव्हते.

१. माझे दोन खोल्यांचे घर आणि मागची परसबाग माझी मुलगी ऑर्फा हिला मिळावी. घराच्या प्रत्येक फळीला मी स्वतः रंधा मारला आहे. छपराचा उत्तरेकडचा कोपरा गळतो, तो हिवाळ्याआधी बघून घ्यावा.

२. रंधे, करवती, पटाशा आणि भोके पाडायचा मोठा सामता शाळेला द्यावेत. आमची पहिली शाळा रात्री तोंडावर बुरखे घालून आलेल्या गोऱ्यांनी जाळली. दुसरी आम्ही सहा आठवड्यांत उभी केली; तिची दारे माझी आहेत. ऑर्फा तिथेच शिकवते. हत्यारे मुलींनाही हाताळू द्यावीत, ही अट आहे.

३. हॉलिस ट्रॅब्यू, म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, याला काही नाही. १८७० साली मी पहिल्यांदा मत द्यायला गेलो. आमच्याकडे तेव्हा मत सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावे लागे. तो टेबलाजवळ उभा राहून म्हणाला, "जरा जोरात बोल, अझराया, मला ऐकू आलं नाही." मी इतक्या जोरात बोललो की बाहेर बांधलेली घोडी बिचकली. त्याच्यावरचा राग मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही.

४. नदीकडची खोली माझा धाकटा भाऊ जोथम याने हयातभर वापरावी. ऑर्फाने त्याला तिथून उठवू नये. हे कलम वाचून ती रागावली, म्हणून सविस्तर लिहितो.

१८५८च्या उन्हाळ्यात मी वेताच्या दाटीत लपवून एक होडी बांधली. नदीपलीकडे ओहायो, तिथे गुलामी नव्हती. होडीचे फक्त जोथमला ठाऊक होते. त्याला म्हटले, चल. तो नको म्हणाला. रविवारी सकाळी सगळे प्रार्थनेला गेले असताना मी काठावर पोहोचलो, तर होडीच्या तळाच्या दोन फळ्या उचकटलेल्या. पुढच्याच आठवड्यात मालकांनी मला वरच्या शेतावर, नदीपासून लांब पाठवले. पुन्हा संधी आली नाही. सात वर्षे गेली.

मी धरून चाललो की भावाने मालकाची मर्जी राखायला हे केले. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. सुटका झाल्यावर आम्ही एकाच गल्लीत समोरासमोर घरे बांधली, पण बोललो नाही. मतदानाच्या रांगेत तो माझ्या मागेच उभा होता. माझी बायको टेमर गेली तेव्हा तिच्या कबरीचा खड्डा त्याने खणला, तरी बोललो नाही.

गेल्या महिन्यात मी तापाने अंथरुणाला खिळलो. तो भर दुपारी भेंडीचे कालवण घेऊन आला आणि दारातच उभा राहिला.

"दादा, होडीच्या फळ्या मी काढल्या."

"ठाऊक आहे. ट्रॅब्यूनं काय दिलं तुला? जोडे?"

"त्याला तर मी कळूही दिलं नाही. वरच्या शेतावर तुला धाडलं, ते त्याच्या कामासाठी." भांडे अजून त्याच्या हातातच होते. "आई गेलेली. आपल्या बहिणीला, लेटीला, विकलेलं. तूही गेला असतास तर मला हाक मारायला कोण होतं? आणि पाण्याची मला भीती. तुझ्याबरोबर यायची छाती नव्हती, तुला जाऊ द्यायचीही नव्हती."

"आणि हे सांगायला एकोणतीस वर्षं लागली?"

"तू विचारलंसच कुठे?"

मी हसू लागलो, मग खोकला आला, मग रडलो. सात वर्षे परत येत नाहीत, आणि त्याने केले ते वाईटच केले, हे मी त्याला सांगितले. तोही "हो" म्हणाला. पण भावाने मला विकले नव्हते. इतकी वर्षे छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून बाहेर नेल्यासारखे झाले. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

ऑर्फा म्हणते, "बाबा, सात वर्षं खाल्ली त्यांनी तुमची, आणि वर खोली देताय?" बाळ, होय. त्याच्या घरात चूल एकट्यासाठी पेटते. तुझ्या घरात त्याला कोणीतरी नावाने हाक मारेल, एवढेच मी देतो आहे.

५. माझी शवपेटी मी करून ठेवली आहे. तोपर्यंत तिच्यात मक्याचे बियाणे ठेवायला हरकत नाही.

लाभ मिळणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून जोथम बाहेर पायरीवर बसला आहे आणि दर पाच मिनिटांनी विचारतो आहे, "दादा, झालं का?"

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझेच म्हणणे आहे. सहीचे अक्षर वाकडे आहे. ते मी चाळिशीनंतर शिकलो.

(सही) अझराया टॉलिव्हर

साक्षीदार :
रेव्हरंड लिव्हाय मॅबरी
श्रीमती टेम्परन्स ओग्लस्बी

गेन्स लँडिंग, केंटकी
१४ ऑक्टोबर १८८७

झालं, जोथम. ये आत.